खिशात पैसा नाही, वाट मात्र लांबची

नायगावात राहणाऱ्याला वाट विचारणारी माणसं रोज भेटतात. त्यातली काही लांबून ओळखू येतात. खांद्यावर वळकटी, हातात एक्स-रेची मोठी पिशवी, सोबत डोक्याला रुमाल बांधलेला पेशंट. परळच्या टाटा हॉस्पिटलातून ती निघालेली असतात आणि विचारतात, "गाडगेबाबांची धर्मशाळा कुठं हो?" आपण दादरच्या दिशेनं हात करतो. कुणी जळगावहून आलेलं असतं, कुणी थेट बिहारमधून. मुंबईत ओळख नाही, हॉटेलात उतरण्याची ऐपत नाही, तरी मुक्काम महिना महिना.

हे सांगायचं कारण असं की, परवा आमच्या गल्लीतल्या एका मुलानं मला विचारलं, "काका, खिशात पैसे नसताना जगभर फिरता येतं का? मी मोबाइलवर पाहिलं, एक जण फिरतोय." मुलगा नुकता बारावी झालेला. घरी वडिलांचा पगार बेताचा, पण डोळ्यांत पॅरिस आणि पेरू दोन्ही. त्याला मी तिथल्या तिथं हो किंवा नाही म्हणू शकलो नाही. मंडळी, आजचं हे बोलणं म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, असं समजा.

प्रवाशाला लागतं काय? पोटाला अन्न, पाठ टेकायला जागा आणि पुढं सरकायला वाट. पैसे असले की या तिन्ही गोष्टी विकत मिळतात. पैसे नसले तर त्या दुसऱ्या कुणीतरी द्याव्या लागतात. फुकटचा प्रवास नावाची गोष्ट जगात नाही. खर्च होतोच, फक्त तो दुसऱ्याच्या वहीत मांडला जातो. म्हणून 'पैशांशिवाय कसा फिरलास' हे विचारताना 'कुणी खायला घातलं, आणि का घातलं' हेही विचारायला हवं. या प्रश्नाची आपल्याकडची उत्तरं फार जुनी आहेत. पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर झोळी घेऊन माधुकरी मागायचा. काशीला राजेरजवाड्यांनी आणि सावकारांनी चालवलेली अन्नछत्रं होती. नर्मदेच्या परिक्रमेत आजही गावोगाव सदावर्त मिळतं. कोरडा शिधा घ्यायचा आणि आपलं आपण शिजवायचं. आपला वारकरी देहू-आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत जातो, तो काही रोज खाणावळीचं बिल भरत जात नाही.

पण ही झाली देशातल्या देशातली गोष्ट. देशाबाहेर असा कुणी गेला का? गेला. मराठीतच त्याची साक्ष लिहून ठेवलेली आहे, आणि त्या माणसाचा परळ-नायगावशी संबंधही आहे. त्यांचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

गोव्यातल्या सांखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचं शिक्षण तुटपुंजं, शाळा अशी धड नाहीच. कामधंदा घरच्या नारळबागेचा. सोळाव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. मुंबईहून निघणाऱ्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि ते वेड जे लागलं ते सुटलं नाही. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. पण शिकायचा कुठं? गोव्यात तर नाहीच, भारतातही तो जवळपास पुसला गेलेला. आधी संस्कृत यायला हवं, म्हणून १८९९ सालाच्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पदरी तान्ही मुलगी होती, माणिक. पत्नी बाळाबाई. हे दोघींचं नाव मी मुद्दाम आत्ताच घेऊन ठेवतो, पुढं लागणार आहे.

पुण्याला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, थोडा आधार मिळाला. तिथून ग्वाल्हेर आणि मग १९०० साली काशी. काशीत गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांकडे अध्ययन. विद्येला फी नव्हती. ती गुरूंकडून दान म्हणून मिळायची. जेवणाला अन्नछत्र. ऐकायला सोपं वाटतं, पण छत्रातलं जेवण एकवेळचं, वेळ ठरलेली, अन्न जे असेल ते, आणि काशीच्या थंडीत अंगावर पुरेसं पांघरूण नाही. दीड-दोन वर्षं हा माणूस असा राहिला. आपण 'बॅकपॅकिंग' म्हणतो त्यात परत जायचं तिकीट कुठंतरी असतं, निदान घरून पैसे मागवता येतात. इथं ते काहीच नव्हतं.

काशीतून १९०२ मध्ये एका नेपाळी सहाध्यायाबरोबर ते काठमांडूला गेले. त्या काळी नेपाळचं दार बाहेरच्यांना सहसा बंद असे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेसाठी मात्र ते उघडायचं. म्हणजे बघा, राजाचा परवाना मिळणं कठीण होतं, पण यात्रेकरूला वाट होती. नेपाळात जिवंत बौद्ध धर्म सापडेल ही आशा होती. जे दिसलं त्यानं निराशा झाली. परत फिरले, बुद्धगयेला आले. तिथं एका भिक्षूनं सांगितलं, अरे, हे सगळं शिकायचं तर सिंहलला जा. मग कलकत्ता आणि तिथून सिंहल, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल या महास्थविरांपाशी ते पाली शिकले आणि त्यांनी चीवर धारण केलं. पुढं ब्रह्मदेश. तिथं ध्यान केलं, ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचले. मध्ये भारतात येऊन सारनाथ, कुशिनारा अशी बुद्धाची स्थानं हिंडले, पुन्हा ब्रह्मदेश गाठला. १९०६ मध्ये कलकत्त्याला परतले तेव्हा घर सोडून सुमारे सात वर्षं झाली होती. पोर्तुगीजांचा गोवा, इंग्रजी हिंदुस्थान, राणांचं नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश एवढा मुलूख हा निष्कांचन माणूस हिंडला. हे सारं त्यांनी 'निवेदन' या आत्मकथनात लिहिलं आहे. पुस्तक १९२४ सालचं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत मी ते धरतो. भाषेत कुठं चढा सूर नाही. उपाशी राहिलो तर राहिलो, एवढंच.

भिक्षू झाल्यावर त्यांचा प्रवास कसा बदलला हे समजून घेण्यासारखं आहे, कारण इथंच बिनपैशाच्या प्रवासाचं जुनं शास्त्र दिसतं. बौद्ध भिक्षूला सोनं-रुपं, म्हणजेच पैसा, स्वीकारायला विनयाचे नियम मनाई करतात. जवळ ठेवायचं काय? तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं वस्त्र. एवढ्या आठ वस्तू. पात्र घेऊन दारासमोर मुकाट्यानं उभं राहायचं, मागायचं नाही. मिळेल ते घ्यायचं आणि मध्यान्हीच्या आत जेवण उरकायचं. दुपारनंतर अन्न नाही. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी. पैसाच घ्यायचा नाही तर आगगाडी-बोटीचं काय? ते तिकीट कुणी उपासक स्वतः काढून देतो.

हे नियम वरवर भिक्षूला जखडणारे वाटतात. पण ते देणाऱ्याचीही सोय पाहतात. दारी येणारा माणूस काय घेईल, किती घेईल, कधी येईल, किती दिवस राहील हे गृहिणीला आधीच ठाऊक. तो साठा करणार नाही, रात्री जेवायला थांबणार नाही, पैसे मागणार नाही. आणि तो गेल्यावर घरात पुण्य जमा झाल्याचं समाधान. पाहुण्याची मर्यादा अशी पक्की बांधली, म्हणून तर अडीच हजार वर्षं यजमान दमला नाही. आपल्याकडच्या माधुकरीतही हेच: ठरावीक घरं, ठरावीक वेळ, वाढलं ते घेऊन पुढं व्हायचं. मागणाऱ्याला नियम नसले की त्याची भीक होते, आणि भिकेला लोक लवकर कंटाळतात.

अर्थात शरीराला नियम कळत नाहीत. सिंहलमधलं आणि ब्रह्मदेशातलं जेवण कोसंबींच्या प्रकृतीला मानवलं नाही, दुखणी झाली. आपल्याला मुक्काम हलवताना हवापालट म्हणून जावंसं वाटतं. त्यांना कधीकधी पोटानं हलवलं. जो दुसऱ्याच्या ताटातलं जेवतो त्याला आवडनिवड ठेवता येत नाही. जगभर फुकट फिरू पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट बोलू. काशीच्या अन्नछत्रांत कोसंबी जेवू शकले, कारण ते जन्मानं ब्राह्मण होते. बहुतेक छत्रं ब्राह्मणांसाठीच होती. वार लावायचे, माधुकरी मागायची तीही त्यांनीच. म्हणजे पैशाशिवाय वाट मोकळी होती, पण ती सगळ्यांना मोकळी नव्हती. कोसंबी अन्नछत्रात जेवत होते त्याच सुमाराची, १९०१ सालची, एक हकिकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. ते तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, वडिलांना पत्र पोचलं नसल्यानं न्यायला कुणी नाही. मुलांजवळ भाड्याचे पैसे होते. पण जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. डबा सोबत होता, पण पाणी कुणी दिलं नाही, आणि पाण्यावाचून तो डबा तसाच राहिला. रात्र टोलनाक्यावर काढली.

पुढं १९१७ साली, न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून आल्यावर, बडोदे संस्थानात नोकरीला गेले तर राहायला जागा नाही. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून, रोजचं भाडं भरून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. सातासमुद्रापार जाऊन आलेला माणूस, खिशात पगार, आणि त्या संध्याकाळी बडोद्यात पाठ टेकायला जागा नाही म्हणून मुंबईची गाडी धरतो. एकाकडे पैसा नाही पण आदरातिथ्य आहे. दुसऱ्याकडे पैसा आहे पण दार बंद. पैसा हे प्रवासाचं एक साधन झालं. माणसाला माणूस म्हणून आत घेणं हे दुसरं, आणि ते बऱ्याचदा पैशाहून महाग पडतं.

बाईमाणसाचं काय? पंडिता रमाबाईंचं बालपण असंच वाटेवर गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांना घेऊन तीर्थं हिंडायचे, देवळात पुराण सांगायचे, श्रोते दक्षिणा देतील त्यावर गुजराण. सुकाळ होता तोवर ठीक चाललं. १८७४च्या सुमारास दुष्काळ आला, ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा उरला नाही, मग दक्षिणा कोण देणार? भीक मागण्याची सवय नाही, मजुरीची माहिती नाही. आईवडील काही महिन्यांच्या अंतरानं गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ त्यानंतर हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. दुसऱ्याच्या घासावरचा प्रवास दुसऱ्याच्या सुबत्तेवर चालतो. यजमानाचं घर कोसळलं की वाटसरू सर्वांत आधी मरतो.

आता पुन्हा धर्मशाळेकडे. गाडगेबाबांचा जन्मही १८७६ सालचाच, २३ फेब्रुवारीचा. म्हणजे कोसंबींच्याच वयाचे. त्यांनी १९०५ मध्ये घर सोडलं. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, मग भाकरी. कुणी पाय धरायला आला तर काठी उगारायची. हा माणूस उभा महाराष्ट्र फिरला आणि स्वतःसाठी त्यानं पैशाला हात लावला नाही. पण त्याच्या नजरेला एक गोष्ट नेमकी दिसली होती: गरिबाला भाकरी एकवेळ कुणी देईल, रात्रीचा निवारा देत नाही, आणि अस्पृश्याला तर मुळीच देत नाही. म्हणून बाबांनी लोकांकडून पैसे उभे करून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. मसूर स्टेशनवर त्या पोरांना जे हवं होतं ते बांधायला एका खापर घेतलेल्या माणसानं सुरुवात केली. खराट्याचा मुद्दाही विसरू नका. आधी काम, मग भाकरी. त्यामुळं गावाला त्याला जेवू घालताना उपकार केल्यासारखं वाटत नसे.

परळ-नायगाव हा गिरणगावाचा भाग, आणि गिरणगाव उभं राहिलं तेच मुळी खिशात काही नसताना बोटीनं आणि गाडीनं आलेल्या माणसांवर. रत्नागिरीचा, साताऱ्याचा पोरगा मुंबईत उतरला की जायचा कुठं? गावकीच्या खोलीवर. एका गावाच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली धरलेली असे. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाल्यांनी त्याच जागेवर पथारी टाकायची. जेवण खाणावळीत, तेही उधारीवर. पगार झाला की हिशेब. नोकरी लागेपर्यंत पहिला महिना-दोन महिने खाणावळवाली बाई त्या पोराला निव्वळ भरवशावर जेवू घालायची. स्वतःच्या घरात सावकाराचं कर्ज असताना! या बायकांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मला विचाराल तर बिनपैशाच्या प्रवासाच्या इतिहासात या बायकांचं नाव पहिल्या पानावर हवं. प्रवासवर्णनं लिहितात चालणारे. वाढणारीला लिहायला सवड नसते.

विसाव्या शतकात आणखी एक बदल झाला, तो कागदाचा. कोसंबी नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश हिंडले तेव्हा त्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हता आणि तो कुणी मागितलाही नाही. पहिल्या महायुद्धापासून हिंदुस्थानात पासपोर्टाची सक्ती सुरू झाली, १९२० साली कायदा झाला. पुढं व्हिसा आला. आज युरोपचा व्हिसा मागायला गेलात तर बँकेच्या खात्याचे गेल्या काही महिन्यांचे उतारे, परतीचं तिकीट, राहण्याची सोय, विमा सगळं दाखवावं लागतं. थायलंडसारख्या देशात उतरल्यावरही रोख रक्कम दाखवा म्हणू शकतात. म्हणजे पैसे खर्च करायचे नसले तरी असावे लागतात. 'एक पैसा न घेता जग फिरलो' असं मोबाइलवर सांगणाऱ्याचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते आधी पाहावं. श्रीमंत देशाच्या पासपोर्टाला बरीचशी दारं आपोआप उघडतात. गेल्या काही वर्षांत बँकॉक, क्वालालंपूरच्या पदपथावर गोरी मुलं 'आमच्या जगप्रवासाला मदत करा' अशी पाटी घेऊन बसलेली दिसू लागली, तेव्हा तिथल्या लोकांनी कपाळाला हात लावला. ज्याचं दिवसभराचं उत्पन्न यांच्या एका कॉफीएवढं, त्याच्यापुढं हात पसरायचा!

तरी कागदांच्या काळातही एक प्रयोग झाला, आणि त्याची प्रेरणा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याच्या माणसाची होती. विनोबा भावे. सतीश कुमार हे राजस्थानचे आणि ई. पी. मेनन हे केरळचे, दोघे तरुण, विनोबांच्या चळवळीतले. अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशी पदयात्रा करायची त्यांनी ठरवली आणि ते विनोबांचा सल्ला घ्यायला गेले. विनोबा स्वतः १९५१ पासून भूदानासाठी पायी हिंडत होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: पैसा जवळ ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. विचार असा की, पैसे असले म्हणजे दमलेला माणूस हॉटेलात जाऊन झोपेल, कुणाशी बोलणार नाही. पैसे नसले की रोज संध्याकाळी कुणाचं तरी दार ठोठवावंच लागेल, आणि शाकाहारी आहे म्हटलं की 'का' हा प्रश्न येईल, गप्पा सुरू होतील. निर्धनता ही इथं अडचण म्हणून नव्हे, बोलण्याचं निमित्त म्हणून घेतली होती.

१ जून १९६२ रोजी दोघे राजघाटावरून निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया. पाकिस्तानच्या हद्दीवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी वाटेसाठी खाण्याची पुडकी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाहीत. शेजारी देशातली माणसं जेवू घालणार नाहीत असं आधीच मानायचं का? आणि खरोखर, पलीकडे गेल्यावर लोकांनी जेवू घातलं. जॉर्जियात एका कारखान्यातल्या बायकांनी चहाची चार पुडकी दिली, चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांना द्यायला. बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या, असा निरोप. पॅरिसमध्ये त्यांना तुरुंगही घडला. समुद्र काही चालून ओलांडता येत नाही, तिथं बोटीची तिकिटं इतरांनी काढली. अटलांटिकच्या वेळी बर्ट्रांड रसेल मदतीला होते. १९६४च्या जानेवारीत केनेडींच्या समाधीपाशी यात्रा संपली. यात आपल्या मुलानं लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्यांना लोकांनी जेवू घातलं ते फिरायला निघालेत म्हणून नाही. काही काम घेऊन निघालेत, म्हणून.

तसं काम कोसंबींकडेही होतं. त्यांच्या विद्येची कीर्ती झाल्यावर पैसा चालत आला. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवायची नोकरी मिळाली. पण महाराष्ट्रात राहून काम करायचं म्हणून, त्याहून पुष्कळ कमी असलेलं, दरमहा पन्नास रुपयांचं सयाजीराव गायकवाडांचं वेतन त्यांनी पत्करलं. आंबेडकरांना अमेरिकेला पाठवणारेही हेच सयाजीराव. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठानं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी कोसंबींना बोलावलं. ते अमेरिकेला पुढं अनेकदा गेले, रशियातही राहिले. छत्रात जेवणारा विद्यार्थी आता विद्यापीठाच्या खर्चानं समुद्र ओलांडत होता. आणि १९३७च्या सुमारास, साठी गाठल्यावर, त्यांनी परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला. पैसा बिर्लांचा, पण जागा निवडली ती गिरणी कामगारांची आणि दलितांची. काशीच्या छत्रांत ज्यांना पंगतीला घेतलं नसतं, त्यांच्या शेजारी.

आता सुरुवातीला नाव घेऊन ठेवलेल्या त्या दोघींकडे येतो. फिरणाऱ्याच्या वहीतला सगळ्यांत मोठा खर्च त्याच्या नावावर नसतोच. कोसंबी गेले तेव्हा बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. गाडगेबाबांच्या घरीही पत्नी कुंताबाई आणि मुलं होती. सात वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नीट माहीत नसलेल्या बाईला त्या काळच्या गोव्यात लोकांनी काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही. बाळाबाईंनी 'निवेदन' लिहिलं नाही.

त्या मुलाला मी आता सांगेन की, बाबा रे, फिरता येतं. कागद नीट कर, एखादं काम शीक जे परक्या गावात उपयोगी पडेल, मग ते पोळ्या लाटणं असो की सायकलचं पंक्चर काढणं. आधी एकदा आषाढीला दिंडीत जा आणि बघ अनोळखी माणसाच्या ओटीवर झोप लागते का. आणि निघताना आईला विचारून निघ. तो हसेल. पण माणिकची गोष्ट सांगितल्यावर बहुधा हसणार नाही.

वडील घर सोडून गेले तेव्हा माणिक काही महिन्यांची होती. १९१८ साली कोसंबी दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले, तेव्हा त्यांनी तिला आणि धाकट्या दामोदरला बरोबर नेलं. माणिक तिथं रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर पुढं मोठा गणिती आणि इतिहासकार झाला. बोटीची तिकिटं या वेळी रीतसर काढलेली होती. बाळाबाई मात्र याही वेळी मागेच राहिल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)